रविवार सोडून उरलेले दिवस

परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्या जोडप्यांच्या कागदपत्रांत मुलांविषयीचा मजकूर बहुधा चार-पाच ओळींत आटोपलेला असतो. दागिने कोणाकडे राहणार, फ्लॅटचे उरलेले हप्ते कोण फेडणार, लग्नात आलेली भांडी आणि कपाटे कोणत्या तारखेपर्यंत उचलायची, याला पानभर जागा मिळते आणि त्यानंतर ते ठरावीक वाक्य येते: अपत्याचा ताबा आईकडे राहील आणि वडिलांना दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत अपत्यास भेटता येईल. पुढे दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी वाटून दिलेली असते. वकिलांच्या कार्यालयात हा मजकूर तयारच असतो. नावे आणि वार बदलले की काम होते. या वाक्याचा हिशोब मात्र फारसे कोणी मांडत नाही. महिन्याचे १२ तास, म्हणजे वर्षाचे १४४ तास, म्हणजे सुट्ट्या वगळल्या तर वर्षभरातले पूर्ण सहा दिवस. एका माणसाने सहा दिवसांत एका मुलाचा बाप व्हायचे असते.

माझ्या बालपणाची काही वर्षे याच वाक्यात गेली, म्हणून मला त्याविषयी लिहायचे आहे. १९८४ च्या कायद्यानुसार पुण्यात आणि मुंबईत १९८९ मध्ये कौटुंबिक न्यायालये सुरू झाली. त्यानंतर थोड्याच काळाने माझ्या आईबाबांनी पुण्यात अर्ज दाखल केला तेव्हा मी दुसरीत होते. ते का वेगळे झाले हा त्यांचा विषय आहे आणि मी तो येथे उघडणार नाही. दोघांपैकी कोणीही वाईट नव्हते, कोणी कोणावर हात उगारला नव्हता आणि दोघांनाही मी हवी होते, एवढे सांगणे पुरेसे आहे. कारण माझे सगळे म्हणणे अशाच घरांविषयी आहे.

अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे न्यायालयाने ठरवून दिलेल्या भेटीच्या, रविवारी बाबा बरोबर अकराला स्कूटरवरून येत आणि वाड्याच्या दिंडीदरवाजाशी थांबत. ते आत येत नसत. आजी मला बाहेर नेऊन सोडी. मग पेशवे पार्क, तिथली फुलराणी, सारसबागेबाहेरची भेळ, कधी संभाजी बाग, पावसाळ्यात एखाद्या नातेवाइकाचे घर. बाबा मला प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन देत. ते विचारत, ‘अभ्यास कसा चाललाय?’ आणि मी म्हणे, ‘छान.’ भागाकार मला मुळीच जमत नव्हता, वर्गात एक मुलगी माझा डबा रोज हिसकावून घेत होती आणि रात्री झोपेत मी दात खात होते, यांतले काहीही त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, कारण सहा तास चांगले जावेत अशी आम्हा दोघांचीही धडपड असे आणि त्या धडपडीत तक्रारीला, कंटाळ्याला किंवा रडण्याला जागा सापडत नसे. बाबा मला कधीही रागावले नाहीत. ताप आला तर रविवार रद्द होई आणि बुडालेला रविवार पुन्हा मिळत नसे, कारण तसे कागदात कुठेच लिहिलेले नव्हते. त्यामुळे आजारी असलेली मी त्यांनी त्या काळात कधी पाहिलीच नाही. ते माझ्या आयुष्यात अतिशय प्रेमळ, नेमाने येणाऱ्या पाहुण्यासारखे होते.

या व्यवस्थेत तोटा फक्त बाबांचा झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि वडिलांच्या हक्कांसाठी बोलणारे लोक नेमके तेवढेच बोलतात. मला आईचा तोटा अधिक मोठा वाटतो. सोमवार ते शनिवार ‘नाही’ म्हणण्याचे सगळे काम तिच्या वाट्याला आलेले होते: दूध संपव, पाढे म्हण, टीव्ही बंद कर, नवा कंपास आता मिळणार नाही. रविवारी संध्याकाळी मी हातात खेळणे घेऊन, पोट भरलेले आणि गृहपाठ अर्धवट, अशी परत येई. आणि तिथून पुढे तिचा सोमवार सुरू होई. बाबांनी सहा तासांत उधळलेला पैसा आणि तिने महिनाभर तोलून-मापून केलेला संसार यांची तुलना मी लहानपणी मनातल्या मनात करत असे. ती तुलना अन्यायाची होती, परंतु सात-आठ वर्षांच्या मुलीला ते समजण्याचा काही मार्ग नव्हता. माझ्याबरोबर नुसते बसायला, बागेत जायला, निरर्थक गप्पा मारायला आईकडे वेळच उरत नव्हता. मजेचा वार न्यायालयाने दुसऱ्याला दिला होता.

हे बदलले ते कोणाच्या मोठेपणामुळे नव्हे. आई दूरध्वनी खात्यात होती आणि तिला पाळीची ड्यूटी असे; संध्याकाळच्या पाळीला ती रात्री उशिरा घरी पोहोचे आणि तोवर आजी मला सांभाळी. मी तिसरीत असताना ऐन पावसाळ्यात आजी न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. दोन-तीन दिवस शेजारच्या काकूंनी निभावून नेले. त्यानंतर आईने बाबांच्या कार्यालयात फोन केला. मी शेजारीच उभी होते. ती म्हणाली, ‘बुधवारी आणि शुक्रवारी तिला शाळेतून तुम्ही घेऊन जाल का? रात्री तिथेच राहील, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत सोडायचं.’ पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, पण आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग सांगू लागली, ‘आमटी पातळ लागते. भेंडी खात नाही. रात्री दिवा पूर्ण बंद करायचा नाही.’ बाबांनी ‘हो’ म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारला होता तो मला जेवायला काय लागते हा.

बाबा तेव्हा दत्तवाडीत एका खोलीत भाड्याने राहत. आमच्या शाळेत मुलींनी दोन वेण्या घालून त्या काळ्या रिबिनीने वर बांधायच्या असा नियम होता आणि माझे केस लांब होते. पहिल्या गुरुवारी सकाळी बाबांनी कंगवा हातात घेतला तेव्हा त्यांना भांगसुद्धा सरळ पाडता येईना. एक वेणी कानाच्या वर, दुसरी मानेपाशी, आणि प्रार्थना होईपर्यंत दोन्ही रिबिनी सुटलेल्या, अशा अवस्थेत मी वर्गात बसले. पुढच्या खेपेला मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधलेले दिसले. घरमालकीणबाईंनी त्यांना पदर कोणता कोणावरून घ्यायचा ते दाखवले होते आणि बाबा रात्री जेवण झाल्यावर त्या सुतळीवर सराव करत होते. पावसाळा संपेपर्यंत त्यांची वेणी आईच्या वेणीपेक्षा घट्ट बसू लागली. आईने माझ्या वेण्या हाताने चाचपून पाहिल्या आणि म्हणाली, ‘बरी घातलीय.’ त्यांच्याविषयी तिने माझ्यासमोर काढलेला, मला आठवणारा, तो पहिला चांगला शब्द.

बाबा मला प्रथम रागावले तेही त्याच खोलीत. भागाकाराची उदाहरणे होती, मी मुद्दाम वेळ काढत होते आणि शेवटी मी पाटी बाजूला सारून ‘मला आईकडे जायचंय’ असे म्हटले. रविवारच्या बाबांनी अशा वेळी मला उचलून आइस्क्रीम खायला नेले असते. बुधवारचे बाबा म्हणाले, ‘उद्या शाळेतून जाशीलच. आता हे गणित पुरं कर.’ मी रडत रडत ते पूर्ण केले. त्या रात्री ते मला प्रथमच घरातले वाटले. पुढे पावसात भिजून मला ताप आला तो त्यांच्याकडे असताना आला, आणि आई ड्यूटी संपवून परस्पर तिकडेच आली. दोघे माझ्या दोन बाजूंना बसून थर्मामीटरविषयी वाद घालत होते. ते नवरा-बायको म्हणून पुन्हा कधीच एकत्र आले नाहीत, आणि तसे व्हावे अशी आशा त्या दृश्यामुळे माझ्या मनात निर्माण झाली असेही नाही. दोघांनाही माझा ताप किती आहे हे माहीत आहे, इतकेच मला पुरले.

आजी बरी झाल्यानंतरही बुधवार आणि शुक्रवार तसेच राहिले. दरम्यान शनिवार-रविवार आईच्याही वाट्याला येऊ लागले. ती मला पर्वतीवर नेई, आणि वर पोहोचल्यावर मी कितीही बडबड केली तरी ती ऐकून घेई. काही महिन्यांनी दोघांनी संयुक्त अर्ज देऊन आधीच्या आदेशात तसा बदल करून घेतला. हा बदल करता येतो हेच अनेक आईवडिलांना ठाऊक नसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयीचे आदेश न्यायालय हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी बदलू शकते. सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात १९७३ मध्ये सांगितले की मुले ही आईवडिलांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत. आणि ताब्याचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलण्याजोगे असतात हेही याच निकालाने मान्य केले. मूल दुसरीत असताना ठरलेले वेळापत्रक ते आठवीत गेल्यावर अपुरे पडणारच. तरीही बहुतेक जण ते वाक्य अंतिम निकालासारखे जपून ठेवतात, आणि त्यातला एखादा तास इकडचा तिकडे झाला की वकिलाला फोन करतात.

त्या काळातला आणखी एक प्रसंग मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. मला चौथीची शिष्यवृत्ती मिळाली आणि आई माझ्या नावाने खाते उघडायला बँकेत गेली. तेथे तिला पालक म्हणून वडिलांची सही आणायला सांगण्यात आले. ताबा तिच्याकडे असल्याचा आदेश तिच्या पिशवीत होता, तो तिने दाखवला, तरी उपयोग झाला नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये वडील हे नैसर्गिक पालक आणि त्यांच्यानंतर आई असा क्रम आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असेही त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे मुलाला मांडीवर घ्यायला आई आणि कागदावर सही करायला बाप, अशी ती वाटणी होती. लेखिका गीता हरिहरन यांना १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना हीच अडचण आली होती. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल दिला की वडील हयात असले तरी प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी ते घेत नसतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. आईने त्या बातमीचे कात्रण माझ्या प्रगतिपुस्तकांच्या फायलीत लावून ठेवले. मला त्या निकालातली पटणारी गोष्ट अशी की पालकत्व कोणाचे हे ठरवताना न्यायालयाने मुलाचे रोजचे काम कोण करते याकडे पाहिले. वडिलांचा भेटीचा वेळ ठरवतानाही हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे: या वेळेत त्यांना मुलाचे कोणते काम करायला मिळणार आहे?

लग्नकार्यात किंवा मुंजीत नात्यातल्या बायका मला जवळ घेऊन विचारत, ‘आई जास्त आवडते की बाबा?’ विचारणारी कोणाच्या बाजूची आहे ते पाहून मी उत्तर देत असे. त्यामुळे मुलाची इच्छा विचारण्याच्या पद्धतीविषयी मी फार सावध आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार मूल समजदारीने पसंती सांगू शकेल इतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते, आणि न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. हे चांगलेच आहे. पण ज्या मुलाला एक पालक फक्त बागेत आणि मॉलमध्ये भेटला आहे आणि दुसरा फक्त अभ्यासाच्या टेबलापाशी, त्याला पसंती विचारणे म्हणजे सुट्टी आवडते की शाळा असे विचारणे होय. दोन्ही पालकांचे साधे दिवस त्याने पाहिलेले असले तरच त्याच्या उत्तराला अर्थ आहे.

भेट आणि पोटगी यांची सांगड घालण्याची जी रीत पडली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. पैसे आले नाहीत म्हणून मुलाला खाली पाठवायचे नाही, आणि मूल भेटले नाही म्हणून पैसे थांबवायचे, हे दोन्ही बाजूंनी चालते. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करता येतो आणि भेट नाकारली गेली तर त्यासाठीही न्यायालयात जाता येते; हे दोन स्वतंत्र रस्ते आहेत. खर्च आणि सहवास या दोन्ही गोष्टी मुलाच्या हक्काच्या आहेत, आणि त्यातली एक अडवून दुसरी मिळवणारा माणूस मुलाच्याच खिशात हात घालत असतो.

हे सारे मी मारहाण नसलेल्या घरांबद्दल लिहीत आहे, हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे. जिथे मूल त्या पालकाला भिते, जिथे दारू आहे, हिंसा आहे, तिथे रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरणे हा क्रूरपणा ठरेल. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात कलम २१ आहे. भेटीमुळे मुलाच्या हिताला बाध येईल असे दंडाधिकाऱ्यांना वाटले तर त्यांनी ती भेट नाकारायची आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अशा घरांतल्या आयांना ‘मुलाला बापही हवा’ असे सुनावणाऱ्या नातेवाइकांनी ते कलम आधी वाचावे.

अंतराचा प्रश्न माझ्या लहानपणी आमच्यापुढे नव्हता. आईचे घर आणि बाबांची खोली यांच्यात सायकलने जाण्याइतकेच अंतर होते, आणि आमचे सगळे जमले त्याचे निम्मे श्रेय या अंतराला आहे. आता माझ्या ओळखीतले एक पालक पिंपळे सौदागरला आणि दुसरे अमेरिकेत असतात. एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलेले मूल लवकर परत पाठवण्याविषयीच्या, १९८० च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय बालअपहरणविषयक करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे एका पालकाने मुलाला परदेशातून इकडे आणले की प्रत्येक प्रकरण येथील न्यायालयात मुलाच्या हिताच्या कसोटीवर स्वतंत्रपणे तपासले जाते आणि त्यात वर्षे जाऊ शकतात. यशिता साहू खटल्याच्या २०२० मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल हे सर्वांत चांगले साधन आहे, असे म्हटले. मला या सूचनेतले ‘रोज’ फार मोलाचे वाटते. रोज बोलणाऱ्या बापाला डबा कोण हिसकावून घेते ते कळते. तरीही पडद्यावरून वेणी घालता येत नाही, आणि नोकरीसाठी शहर किंवा देश बदलण्याचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक विभक्त पालकाने हा तोटा आधी हिशोबात धरावा असे मला वाटते.

विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा आणि त्यासाठी पालकत्वाच्या आराखड्याची, म्हणजे मुलाचे कोणते काम कोण आणि कधी पाहणार हे दोघांनी लिहून ठेवण्याची, पद्धत घालून द्यावी अशी शिफारस केली. तिला कायद्याचे रूप मिळालेले नाही. पण संमतीने वेगळे होणाऱ्यांना त्याची वाट पाहण्याची गरज नाही, कारण आपल्या संमतीपत्रात काय लिहायचे हे बऱ्याच अंशी त्यांच्याच हातात असते.

गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीने तिच्या अटींचा मसुदा मला वाचायला दिला. त्यात पहिला आणि तिसरा रविवार होताच. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून तो पुन्हा लिहिला आणि तिने तो मुलाच्या वडिलांना पाठवला. त्यांनीही दोन गोष्टी घातल्या आणि एक खोडली. आता मुलगा दर बुधवारी शाळा सुटल्यापासून शुक्रवारी सकाळी शाळा भरेपर्यंत वडिलांकडे असतो. या दिवसांतला गृहपाठ, डबा आणि पोहण्याच्या क्लासला ने-आण करणे त्यांच्याकडे आहे. ताप आला तर मूल ज्या घरी असेल तिथेच राहील आणि दुसऱ्या पालकाला तिथे येऊन बसता येईल. बुडालेला दिवस पंधरा दिवसांच्या आत भरून द्यायचा. शाळेच्या नोंदीत दोघांचेही फोन नंबर राहतील आणि प्रगतिपुस्तकावर दोघांच्याही सह्या होतील. लक्ष्मीपूजन एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. भाऊबीज मात्र दरवर्षी त्याच्या आतेबहिणीकडे, कारण ती त्याची एकुलती एक बहीण आहे. पैशांविषयी किंवा तारखांविषयी मुलाच्या हाती निरोप पाठवायचा नाही, ही अट वडिलांनी घातली. इतके बारकावे कोणी लिहीत नाही, असे मैत्रिणीच्या वकिलांचे म्हणणे पडले. न्यायालयातल्या विवाह समुपदेशक बाईंनी मात्र दोघांना समोर बसवून प्रत्येक अट मोठ्याने वाचली, पोहण्याचा क्लास किती वाजता सुटतो ते विचारले आणि ती वेळ स्वतःच्या हाताने समासात लिहिली. मुलगा सध्या पाचवीत आहे. तो सातवीत जाईल त्या जून महिन्यात तिघांनी बसून हे वेळापत्रक पुन्हा तपासायचे, अशी अट शेवटी घातलेली आहे.